श्रम आणि हृदय

शेतात राबणाऱ्या माणसाला हृदयविकार होत नाही, तो बैठे काम करणाऱ्या शहरवासीयांचा रोग आहे, असा समज आपल्या देशात फार दूरवर पसरलेला आहे. त्याला काहीच आधार नाही असे नव्हे. १९५३ साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर एका जागी बसणाऱ्या चालकांपेक्षा जिन्यावरून सतत चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो, असे त्यांना आढळले. नियमित श्रमांनी हृदयाचा स्नायू बळकट होतो, एका ठोक्यासरशी अधिक रक्त पुढे ढकलले जाते, रक्तदाब काहीसा उतरतो आणि रक्तातील साखरेचा विनियोग अधिक चांगला होतो. एवढे सारे खरे आहे. परंतु त्यावरून कष्टकरी माणूस सुरक्षित आहे असे मानणे किती धोक्याचे ठरते, हे फिनलंडच्या पूर्व सीमेवरील उत्तर कारेलिया या प्रांताने दाखवून दिले.

हा प्रांत अरण्यांचा आणि सरोवरांचा. तेथील पुरुष हिवाळ्यात बर्फात उभे राहून लाकूडतोड करीत व उरलेल्या काळात लहानशी शेती आणि गाईगुरे सांभाळीत. १९५८ साली अँसेल कीज यांच्या पुढाकाराने सात देशांतील पुरुषांचा तुलनात्मक अभ्यास सुरू झाला. त्यात हृदयविकाराच्या मृत्यूंचे सर्वांत अधिक प्रमाण आढळले ते पूर्व फिनलंडमधील याच राकट, काटक माणसांत. क्रीट बेटावरील शेतकरीही कष्टाळूच होते. पण त्यांच्यात हा रोग अगदी विरळा होता.

फरक मुख्यतः ताटात होता. क्रीटमध्ये ऑलिव्हचे तेल, कडधान्ये, भाजीपाला आणि फळे. कारेलियात पावावर लोण्याचा जाड थर, सायीचे दूध, चरबीयुक्त मांस आणि भरपूर मीठ. शिवाय तेथील निम्म्याहून अधिक पुरुष धूम्रपान करीत आणि अनेकांचा वाढलेला रक्तदाब उपचारांविना तसाच राही. श्रमांमुळे अन्नातील उष्मांक खर्ची पडतात, म्हणून अंगावर मेद दिसत नाही. मात्र संतृप्त मेदामुळे रक्तात वाढणारे कोलेस्टेरॉल केवळ श्रमांनी फारसे उतरत नाही. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांच्या आतील अस्तरात ते साचत जाते. सडपातळ देहाच्या आत हे वर्षानुवर्षे चाललेले असते आणि त्याची वेदना होत नाही.

आपली तरुण माणसे अकाली दगावत आहेत हे पाहून १९७१ साली प्रांतातील प्रतिनिधींनीच शासनाकडे मदत मागितली. पुढील वर्षी पेक्का पुस्का या तरुण वैद्याच्या नेतृत्वाखाली प्रकल्प सुरू झाला. त्याचा मुख्य भर व्यायामावर नव्हता. धूम्रपान, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल ही त्याची तीन लक्ष्ये होती. गृहिणींच्या संघटनेने गावोगावी स्वयंपाकाची प्रात्यक्षिके घेतली. लोणी कमी करा, असे दुग्धव्यवसायावर जगणाऱ्या प्रांताला सांगणे म्हणजे त्याच्या पोटावर पाय आणणेच होते. विरोध झाला तो साहजिकच म्हणावा लागेल. काही शेतकरी मग बोरवर्गीय फळांच्या लागवडीकडे वळले. सुमारे ३५ वर्षांत तेथील कामकरी वयाच्या पुरुषांमधील हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. विशेष म्हणजे याच काळात जंगलात यंत्रे आली आणि कामातील अंगमेहनत कमी झाली होती.

आपल्या खेड्यांत तर अंगमेहनतीचे कवचही आता विरळ होत आहे. मोटेची जागा विजेच्या पंपाने, नांगराची ट्रॅक्टरने आणि पायवाटेची मोटारसायकलने घेतली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने चार प्रदेशांत झालेल्या व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ग्रामीण भागातील सुमारे निम्मे लोक पुरेशी शारीरिक हालचाल करीत नाहीत, असे आढळले. जिथे कष्ट आहेत तिथेही ते बहुधा हंगामी असतात. पेरणी-कापणीत कंबर मोडते आणि मधले महिने रिकामे जातात. विडी, खैनी आणि खारट लोणचे मात्र बारमाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. भारतासह १७ देशांत झालेल्या आणि २०१४ सालीच प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ग्रामीण लोकांमध्ये धोक्याचे घटक शहरी लोकांपेक्षा कमी आढळले. तरीही हृदयविकार व पक्षाघात त्यांच्यात अधिक झाले आणि ते जडल्यावर मृत्यूही अधिक ओढवले. दूरचे रुग्णालय, न परवडणारी औषधे ही कारणे उघडच आहेत. त्यांत ‘आपल्याला हा रोग होणारच नाही’ या विश्वासाचीही भर पडत असावी. छातीत दडपण येते, ते डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे सरकते, दरदरून घाम फुटतो, आणि रोगी पित्त समजून लिंबू-सोडा घेऊन पडून राहतो. स्त्रिया व मधुमेही यांच्यात तर कधी कधी केवळ धाप व थकवा एवढेच लक्षण दिसते. रोहिणी बंद पडल्यानंतर पहिल्या काही तासांतच हृदयाच्या स्नायूचा बराचसा भाग वाचविता येतो. सकाळपर्यंत वाट पाहिल्यास तो भाग मृत झालेला असतो.