डावा, उजवा आणि पडद्यावरचा पिचर

बेसबॉलचा सामना मी मैदानावर बसून कधी पाहिलेला नाही. या खेळाशी माझा परिचय झाला तो संगणकाच्या पडद्यावर. संघ निवडावा, पिचर बदलावा, आणि हरल्यावर दोष नशिबाला द्यावा, असा क्रम काही महिने चालला होता. त्या खेळात प्रत्येक पिचरच्या नावापुढे एकाच गुणाचे दोन आकडे असत: एक डावखुऱ्या फलंदाजाविरुद्धचा, दुसरा उजव्याविरुद्धचा. माझ्या संघातील एका डावखुऱ्या पिचरचा पहिला आकडा डोळे दिपवणारा होता. समोर डावखुरा फलंदाज आला की मी त्याला पाठवी, आणि हा गृहस्थ निम्म्या वेळा मार खाऊन परत येई. हे आकडे येतात कोठून आणि त्यांवर विश्वास किती ठेवावा, याचा शोध घेण्याची बुद्धी मला त्या पराभवांनी दिली.

प्रथम मूळ गोष्ट पाहू. उजव्या हाताने फेकलेला चेंडू उजव्या फलंदाजाला जणू आपल्या पाठीमागून येत असल्यासारखा दिसतो, आणि स्लायडरसारखा वळणारा चेंडू असेल तर तो शेवटी त्याच्यापासून दूर पळतो. तोच चेंडू डावखुऱ्याला आधीपासून नीट दिसतो आणि वळून त्याच्याकडेच येतो. (लेगस्पिन उजव्या फलंदाजाच्या बॅटीपासून दूर जातो आणि डावखुऱ्याच्या अंगावर येतो, हे क्रिकेट पाहणाऱ्यास सांगायला नको.) म्हणून समान हाताच्या सामन्यात सामान्यतः पिचरचे पारडे जड असते. त्यातही डावखुऱ्या फलंदाजांना डावखुरे पिचर फारसे भेटत नाहीत, सरावही होत नाही. त्यामुळे त्यांची अडचण अधिक. प्रशिक्षकांनी हे फार पूर्वी ओळखले होते. १९१४ साली जॉर्ज स्टॉलिंग्ज यांनी बोस्टन ब्रेव्हज संघात समोरच्या पिचरचा हात पाहून क्षेत्ररक्षक-फलंदाज बदलण्याची पद्धत अवलंबिली आणि त्या वर्षी विश्वमालिका जिंकली.

आता हे खेळात कसे उतरवायचे? सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एकच नियम: हात समान असेल तर फलंदाजाचे थोडे गुण कापावेत, भिन्न असेल तर वाढवावेत. हा नियम बहुतेकांना लागू पडतो; पण मारियानो रिव्हेरा यांच्यापाशी अडखळतो. २०१३ साली निवृत्त झालेला हा उजव्या हाताचा पिचर मुख्यतः ‘कटर’ टाकी. तो चेंडू डावखुऱ्या फलंदाजाच्या मुठीकडे शिरे आणि बॅटी मोडी. डावखुरे फलंदाज त्यांच्यापुढे उजव्यांहूनही किंचित अधिक निष्प्रभ ठरले. डावखुऱ्या कार्ल हबेल यांचा स्क्रूबॉलही असाच, उजव्या फलंदाजापासून दूर पळणारा. म्हणजे फरक केवळ हातात नाही. चेंडूच्या जातीत आहे, हात कोणत्या कोनातून येतो त्यात आहे. बाजूने हात फिरवणाऱ्यांच्या बाबतीत डाव्या-उजव्यातील अंतर बहुधा मोठे असते. चेंजअप टाकणाऱ्यांच्या बाबतीत कमी.

तेव्हा प्रत्येक पिचरला त्याचे स्वतःचे दोन आकडे देणे भाग पडले. संगणकापूर्वी हे काम कार्डांनी केले. हॅल रिचमन यांनी १९६१ साली बाजारात आणलेल्या ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ या घरबैठ्या खेळाच्या प्रगत आवृत्तीत कार्डावर डाव्यांसाठी वेगळे आणि उजव्यांसाठी वेगळे रकाने असतात. तीन फासे टाकायचे. एका फाशावर १ ते ३ पडले तर निकाल फलंदाजाच्या कार्डावर पाहायचा, ४ ते ६ पडले तर पिचरच्या. उरलेल्या दोन फाशांची बेरीज नेमकी ओळ दाखवते. निम्मा निकाल याचा, निम्मा त्याचा! मला ही कल्पना फार आवडली. पण तिच्यात बेरजेचे गणित दडलेले आहे, आणि येथे मी थोडा रेंगाळणार आहे.

बेसबॉलमध्ये फलंदाजाचे यश दर हजारी मोजतात. समजा, लीगची सरासरी २५०, फलंदाज ३०० चा, आणि पिचर फक्त २०० देणारा. बेरजेच्या रीतीने एक ५० ने वर, दुसरा ५० ने खाली, उत्तर २५०. दुसरी रीत यशापयशाच्या गुणोत्तराची; १९८० च्या दशकाच्या आरंभी बिल जेम्स यांनी प्रसिद्ध केलेल्या रीतीशी तिचे नाते आहे. फलंदाजाचे गुणोत्तर ३ ला ७, पिचरचे १ ला ४, लीगचे १ ला ३. पहिल्या दोघांचा गुणाकार करून लीगच्या गुणोत्तराने भागले की ९ ला २८ येते, म्हणजे हजारी २४३. फरक लहान आहे, परंतु खेळाडू जितके टोकाचे, तितका तो वाढतो.

खरी चूक मात्र पुढे होते. समजा, डावखुरा फलंदाज डावखुऱ्या पिचरांविरुद्ध २४० चा आहे आणि हा डावखुरा पिचर डावखुऱ्यांना २३० देतो. दोन्ही आकड्यांत समान हाताचा तोटा आधीच मिसळलेला आहे. आता भागाकारासाठी सर्व लीगची २५० ही सरासरी घेतली तर उत्तर २२१ येते. परंतु फक्त डाव्याविरुद्ध डाव्याची सरासरी, समजा २३५, घेतली तर २३५ येते. पहिल्या हिशेबात एकच तोटा दोनदा वसूल झाला! मी स्वतः कागदावर हे मांडले तेव्हा पहिल्यांदा तीच चूक केली, आणि माझा पिचर अजिंक्य का दिसतो याचे कौतुक करीत बसलो.

दुसरा प्रश्न आकड्याच्या वयाचा. राखीव पिचर वर्षभरात डावखुऱ्या फलंदाजांना असे कितीसे तोंड देणार? समजा, ६० जणांना, आणि त्यांपैकी ९ जणांचे फटके यशस्वी झाले, हजारी १५०. खेळ बनवणारा हा आकडा जसाच्या तसा उचलतो आणि पडद्यावर एक राक्षस जन्माला येतो. वास्तविक हजारी २३० देणाऱ्या साधारण पिचरच्या वाट्यालाही ६० मध्ये ९ किंवा त्याहून कमी हे फळ दहातून जवळजवळ एकदा निव्वळ योगायोगाने येते. अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये ३० संघ आहेत. प्रत्येकात असा एक साधारण पिचर धरला, तरी सुमारे तिघे कोणत्याही विशेष गुणावाचून दर वर्षी ‘राक्षस’ ठरतील. यावर संख्याशास्त्राचा उपाय साधा आहे: त्या ६० मध्ये साधारण कामगिरीचे, समजा, ३०० फलंदाज मिसळावेत. ९ मध्ये ६९ मिळवले की ३६० मध्ये ७८, म्हणजे हजारी २१७. पिचर अजूनही सरासरीहून चांगला, पण माणसात आलेला. किती मिसळावे हा वादाचा विषय आहे, आणि तो फलंदाजासाठी वेगळा, पिचरसाठी वेगळा आहे. अजिबात मिसळू नये, हे मात्र मला कोठेही पटलेले नाही.

या बाबतीत अर्ल वीव्हर यांचे उदाहरण मौजेचे आहे. बाल्टिमोरचे हे व्यवस्थापक कोणता फलंदाज कोणत्या पिचरविरुद्ध कसा खेळला याच्या नोंदी कार्डांवर ठेवीत. डाव्या क्षेत्रात लोवेनस्टीन आणि रोनिकी यांना ते पिचरचा हात पाहून खेळवीत. १९८७ साली त्यांच्याच नावाचा संगणक-खेळ निघाला आणि त्यातील व्यवस्थापकाचे डावपेच त्यांच्या सल्ल्याने रचले गेले. लोवेनस्टीन-रोनिकी या जोडीमागे हजारो सामन्यांचा सर्वसाधारण अनुभव उभा होता. कार्डावरच्या दहा-बारा चेंडूंच्या गाठीमागे बहुधा काहीच नव्हते. तरी दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या शहाणपणात सुखाने नांदत होत्या.

आता ज्या खेळात बॅट प्रत्यक्ष आपणच फिरवतो, त्यांचे काय? ‘एमएलबी द शो’मध्ये फलंदाजाचा नेम दाखवणारी एक आकृती पडद्यावर असते. पिचरच्या हातानुसार फलंदाजाचा आकडा बदलतो आणि तिचा आकार लहान-मोठा होतो. पिचरचा आकडा तिला आकुंचित करतो. मला हे आरंभी कृत्रिम वाटले. मग ध्यानात आले, की खेळणारा माणूस पडद्यासमोर मधोमध बसलेला असतो. चेंडू त्याच्या पाठीमागून येतच नाही. डाव्या-उजव्याचे मूळ कारण, म्हणजे उभे राहण्याची जागा, येथे बरेचसे नाहीसे झालेले असते, म्हणून कार्य तेवढे आकड्याने आणावे लागते. चेंडूचे वळण मात्र पडद्यावर खरेखुरे दिसते. तेव्हा वळणाचा त्रास डोळ्यालाही आणि आकड्यालाही, अशी दुहेरी वसुली येथेही होत असावी असा माझा संशय आहे.

२०२० पासून लीगमध्ये पिचरने निदान तीन फलंदाजांना सामोरे जावे किंवा अर्धा डाव संपवावा, असा नियम आहे. एका डावखुऱ्यापुरते येऊन परत जाणारा पिचर त्यामुळे दुर्मिळ झाला. माझ्या खेळातही हा नियम होता, आणि माझ्या लाडक्या पिचरला तेथेच मार बसत होता: पहिला डावखुरा बाद, मागोमाग दोन उजवे. त्याच्या नावापुढचा दुसरा आकडा मी तोवर वाचलाच नव्हता. संपादनाची सोय होती. मी त्याचा पहिला आकडा वरच्या हिशेबाने खाली आणला, दुसरा होता तसाच ठेवला, आणि पुढच्या हंगामात त्याला सातव्या डावात, दोन डावखुऱ्यांच्या मध्ये एक उजवा असेल तेव्हाच पाठवू लागलो. तो अजूनही अधूनमधून मार खातो.