कोऱ्या नोटेचा भाव

गेल्या वर्षी एका प्रदर्शनात विक्रेत्याने माझ्यासमोर हामेलनच्या पुंगीवाल्याची नोट धरली. "शंभर वर्षांची आहे साहेब, एक घडी दाखवा!" घडी खरंच नव्हती, आणि भाव त्याच हिशोबाने सांगितला होता. मी नोट परत केली.

आपल्याकडच्या जुन्या नोटांना कोरेपणाचे पैसे पडतात, ते रास्तच. जर्मन 'नोटगेल्ट'चं, म्हणजे अडचणीच्या काळातल्या नोटांचं, गणित मात्र उलटं आहे. पहिल्या महायुद्धात धातू लष्कराकडे गेला, उरलेली नाणी लोकांनी दडवली, म्हणून गावोगावच्या नगरपालिकांनी सुट्ट्या पैशांसाठी स्वतःच्या नोटा छापल्या. पुढे लोक त्या जमवू लागले, तशी पालिकांना युक्ती सुचली. जमवलेली नोट कोणी वटवायला आणत नाही, म्हणजे तिचे पैसे तिजोरीतच राहतात! मग 1920 ते 1922 दरम्यान खास संग्राहकांसाठी रंगीत संच निघाले, गावच्या दंतकथांचे. हामेलनने 1284 साली 130 मुलं नेणारा पुंगीवाला काढला. नाउमबुर्गच्या नोटांवर हुसाइट या बंडखोर पंथाच्या सैन्याच्या वेढ्याची गोष्ट काळ्या छायाकृतींत आहे: पोरं सेनापतीपुढे दयेची भीक मागायला जातात आणि चेरी खाऊन परततात. इतिहासकार हा वेढा मानत नाहीत. नोट बघताना त्याचं काही वाटत नाही. जुलै 1922 च्या कायद्याने हा धंदा बंद केला.

यातल्या बहुतेक नोटा छापखान्यातून थेट अल्बमात गेल्या. कोरी असणं ही त्यांची साधी अवस्था. उलट मळकी, घड्या पडलेली नोट दिसली तर थांबून बघा, ती कदाचित खरंच बाजार करून आली असेल.

मी पैसे मोजतो ते पूर्ण संचाचे. पाचवी नोट नसेल तर गोष्ट मधेच तुटते. ग्राबोव्स्की आणि मेल यांची सूची जवळ ठेवा. संचात नोटा किती, रंगभेद कोणते, हे तिथे कळतं. पीव्हीसीच्या स्वस्त पाकिटांत काही ठेवू नका, आपल्या पावसाळ्यात ती चिकट होऊन कागदाला धरतात. पॉलिएस्टरची घ्या. इस्त्री, खोडरबर तर नकोच.

1923 च्या अब्जावधी मार्कांच्या नोटा हा वेगळाच प्रकार, तो महागाईचा. त्यावरची शून्यं मोजून कोणी किंमत सांगू लागला, तर सरळ पुढच्या टेबलाकडे वळा.