आधी हात, मग माल

धाराशिवात कार ॲक्सेसरीजचं दुकान टाकायचं म्हटलं की घरचे पहिलं विचारतात, "आहेत की एवढी, अजून एक कशाला?" प्रश्न रास्त आहे. बार्शी, लातूर, सोलापूर हाकेच्या अंतरावर. नवी गाडी घेतली की मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर शोरूममध्येच बसतात. उरलेलं मोबाईलवरून घरपोच येतं. नुसत्या मालाच्या जोरावर यांच्यापुढे टिकणं अवघड. पण घरपोच आलेला रिव्हर्स कॅमेरा बसवायला माणूस लागतो, आणि वायरिंगला नीट हात लावणारा माणूस आपल्याकडे अजून शोधावा लागतो. दुकान त्या हातावर उभं करा. पुढचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

पहिले सहा महिने दुकान नकोच. सोलापूर किंवा पुण्यात एखाद्या चांगल्या फिटरच्या हाताखाली राहा, पगार कमी मिळाला तरी चालेल. दाराचं पॅनेल क्लिपा न मोडता कसं उघडायचं, छताच्या कापडामागून वायर कशी न्यायची, हे बघून येत नाही, करूनच येतं.

फॉग लॅम्पचंच घ्या. ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे १२ व्होल्टवर मिळून नऊ अँपिअरच्या वर करंट ओढतात. तो सगळा साध्या बटणातून नेला की बटण तापतं, वायर मऊ पडते आणि एक दिवस जळका वास येतो. म्हणून रिले. बॅटरीच्या प्लसवरून निघालेल्या वायरला वीतभर अंतरातच १५ अँपिअरचा फ्यूज घाला. तिथून वायर रिलेच्या ३० नंबरला, ८७ वरून दिव्यांना, ८५ ला अर्थ, ८६ ला बटणाची वायर. आता बटणातून फक्त रिले ओढण्यापुरता करंट जातो. जोडावर नुसती टेप गुंडाळू नका. मे महिन्यात बॉनेटखाली टेपचा डिंक सुटतो. जोड झाळून त्यावर हीट श्रिंकची नळी चढवा.

हे मी एवढं लावून धरतो, कारण मला त्याचा फटका बसला आहे. माझ्या गाडीत एका दुकानात स्टीरिओ बसवताना मूळ वायरी कापून पिळून जोडल्या होत्या. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू होईना. बॅटरी नवी घातली, तरी तेच. शेवटी डॅशबोर्ड उघडला तेव्हा कळलं, कायम चालू असणारी पिवळी आणि चावीवर चालणारी लाल वायर एकातच पिळलेली. चावी काढली तरी स्टीरिओ झोपतच नव्हता. गाडीच्या मापाचा कपलर वापरला असता तर एकही वायर कापावी लागली नसती, आणि वॉरंटीवरून शोरूममध्ये वादही झाला नसता. "आम्ही वायर कापत नाही" हे वाक्य दुकानाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि पाळा.

शिकून परत आलात की बाजार मोजा. एक मंगळवार आणि एक रविवार, दोन-दोन तास चहाच्या टपरीवर बसा आणि एमएच २५ पासिंगच्या गाड्या मॉडेलप्रमाणे वहीत टिपा. मंगळवार अशासाठी, की तो देवीचा वार. नवी गाडी आधी तुळजापूरला नेऊन पूजा करायची आपली रीत आहे. मग गिऱ्हाईक होऊन आसपासच्या पाच-सहा दुकानांत एकाच गाडीसाठी त्याच चार वस्तूंचा भाव विचारा. फिटिंगचे पैसे वेगळे सांगतात का, हेही लिहा.

गाळा घेताना समोर दोन गाड्या सावलीत उभ्या राहतील एवढी जागा आणि पत्र्याचं शेड बघा. भाडेकरार नोंदवूनच घ्या. पहिल्या वर्षी वॉशिंग सेंटर जोडू नका. शहराची तहान उजनीच्या पाइपलाइनवर भागते. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्याने गाड्या धुऊन काय सुटणार?

कागदपत्रं फार नाहीत. कामगार मोजकेच असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना दिली की झालं. उद्यम नोंदणी करा, पाटी मराठीत, देवनागरीत लावा. नुसता माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीची मर्यादा ४० लाखांची आहे, पण फिटिंग ही सेवा झाली, म्हणून तुम्ही २० लाखांचीच धरा. भांडवलासाठी बँकेत मुद्राचं किशोर कर्ज ५० हजारांच्या पुढे ५ लाखांपर्यंत मिळतं. जिल्हा उद्योग केंद्रातही चौकशी करा.

काय विकायचं नाही ते पहिल्या दिवशीच ठरवा. काळ्या फिल्मला सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ ला मनाई केली. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आरपार जायला हवा, असा नियम आहे. लोखंडी क्रॅश गार्ड, कर्णकर्कश हॉर्न आणि रेडियमच्या फॅन्सी नंबरप्लेटलाही हात लावू नका. सीटबेल्टचा आवाज बंद करणारी क्लिप तर फुकटही देऊ नका. सीटच्या कडेला एअरबॅगचं लेबल असेल, तर त्या बाजूची शिवण उसवेल असंच कव्हर घाला. साधं कव्हर ताणून बसवलं की अपघातात एअरबॅग आतच अडकू शकते. गिऱ्हाईक रागावून गेलं तर जाऊ द्या.

माल थोडाच भरा. वहीत जास्त टिपल्या गेलेल्या पाच-सहा मॉडेलांचे रेन व्हायझर, मॅट, स्टीरिओच्या फ्रेम आणि कपलर ठेवा. सीट कव्हरचे फक्त नमुने ठेवा आणि ऑर्डर आली की मागवा. माल कुठून घ्यायचा ते कळायला पुण्याची नाना पेठ एकदा स्वतः फिरून या.

घटस्थापनेचा मुहूर्त मोह घालतो, पण मी म्हणेन श्रावणातच शटर उघडा. दसऱ्याला नव्या गाड्यांची रांग लागायच्या आत कामाला ठेवलेल्या पोराचा हात बसलेला असावा. पितृपक्षात नवी गाडी कोणी काढत नाही, ते पंधरा दिवस माल भरायला आणि राहिलेली कामं उरकायला घ्या. दिवाळीच्या आसपास सोयाबीनचा पैसा येतो, पुढे उसाचं बिल. त्याबरोबर उधारीही येते. "अण्णा, कारखान्याचं बिल निघू द्या, लगेच देतो." ओळखीच्या माणसाला नाही म्हणवत नाही. माझा नियम असा, की मालाचे पैसे रोख घ्यायचे, मजुरी हवी तर थांबवायची. बुडाली तर आपली मेहनत बुडते, व्यापाऱ्याचे पैसे अंगावर येत नाहीत.

आणि ट्रॅक्टरवाल्याला परत पाठवू नका. गाळप सुरू झालं की उसाच्या ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर असतात. मागे काही चमकत नसेल, तर दुचाकीवाल्याला ट्रॉली दिसते तोवर उशीर झालेला असतो. प्रमाणित रिफ्लेक्टर पट्टी खरेदीच्या भावात द्या आणि लावण्याची मजुरी घेऊ नका. पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. पत्र्यावरची धूळ आणि ग्रीस थिनरने पुसा, पत्रा कोरडा होऊ द्या, मगच अंगठ्याने दाबत पट्टी बसवा. घाई केली तर दुसऱ्या खेपेलाच ती गळून पडते.