एक नळी आणि सहा चाके

पास्कलचा नियम तुम्हांला पाठ असेलच. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणी दाब दिला, तर तो द्रवात सर्वत्र सारखाच पोचतो. उदाहरण, मोटारीचा ब्रेक. परीक्षेत एवढे लिहिले की गुण मिळतात, आणि मीही वर्गात कित्येक वर्षे एवढेच सांगत आलो. या नियमाची दुसरी बाजू मला एका जुन्या लष्करी ट्रकच्या ब्रेकची आकृती पाहताना नीट उमगली. दाब जसा सर्वत्र सारखा वाढतो, तसाच एके ठिकाणी गळती झाली की तो सर्वत्र नाहीसाही होतो.

हा ट्रक म्हणजे अमेरिकी सैन्याचा 'एम-३५'. रस्ता नसलेल्या मुलखातूनही अडीच टन माल नेता यावा, या बेताने तो १९५० च्या सुमारास तयार झाला. त्याला तीन आस असून तिन्हींना इंजिनाची शक्ती पोचते. अनेक दशके तो सैन्यात राबला. सैन्याने निकालात काढलेले हे ट्रक पुढे लिलावात विकले गेले, काही खेड्यांतल्या अग्निशामक दलांकडे गेले. इंजिने दणकट असल्याने ते आजही धावतात. पण ब्रेकची रचना मात्र जुनीच राहिली.

ती रचना अशी: चालक पेडल दाबतो, तेव्हा मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ब्रेक ऑइल पुढे ढकलतो. एकट्या पायाच्या जोरावर एवढा जड ट्रक थांबणार नाही, म्हणून वाटेत एक बूस्टर बसवलेला असतो; तो दाबलेल्या हवेच्या साहाय्याने ऑइलचा दाब कित्येक पट वाढवतो. तेथून निघालेली नळी फाटे फुटत सहाही जागी पोचते. तिथले छोटे दट्ट्ये ब्रेकशू फाकवतात, ते ड्रमच्या आतल्या बाजूवर घासतात आणि चाक मंदावते. मास्टर सिलिंडर एक, बूस्टर एक, ऑइलचा मार्गही एकच.

आता घरी एक प्रयोग करा. सुई नसलेल्या तीन सिरिंज, थोडी प्लॅस्टिकची नळी आणि मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारी टी आकाराची जोडनळी घ्या. सर्वांत पाणी भरून सिरिंज तिन्ही टोकांना जोडा. बुडबुडा राहू देऊ नका. एक दट्ट्या दाबा, उरलेले दोन्ही सरकतील. त्यांपैकी एकावर बोट घट्ट ठेवून तो अडवून धरा, म्हणजे बोटाला जोर जाणवेल. आता मित्राला तिसरी सिरिंज नळीतून काढायला सांगा. पाणी उडेल, आणि तुमच्या बोटाखालचा जोर त्याच क्षणी संपेल. तुमची सिरिंज आणि तिची नळी तर शाबूत आहेत! (हे मोरीत करा, अभ्यासाच्या टेबलावर नको.)

एम-३५ मध्ये नेमके हेच होऊ शकते. रबरी नळी जुनी होऊन चिरते, लोखंडी नळी गंजते, चाकाजवळच्या सिलिंडरचा रबरी वॉशर झिजतो. सहांपैकी एका ठिकाणची गळती सहाही चाकांचे ब्रेक घालवते. हँडब्रेक आहे, पण तो मागच्या आसांकडे जाणाऱ्या दांड्यावरच्या एका ड्रमवर चालतो. उभा ट्रक जागी राहावा यासाठी तो आहे, धावता ट्रक थांबवण्यासाठी नव्हे.

धोका किती, ते मोजून पाहू. मालासह ट्रकचे वस्तुमान ८,००० किलोग्रॅम आणि वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर धरा. गतिज ऊर्जा १६ लाख ज्यूल होते. ब्रेकमुळे वेग दर सेकंदाला ४ मीटर प्रतिसेकंद कमी होत असेल, तर ट्रक ५० मीटरांत थांबतो. निम्माच ब्रेक उरला, तर १०० मीटर लागतात. हे वाईट खरेच, पण ट्रक थांबतो. ब्रेक मुळीच नसेल आणि रस्ता १५ मीटरांस १ मीटर असा उतरता असेल, तर गुरुत्वाकर्षण त्याला सुमारे ५,२०० न्यूटन बलाने पुढे ओढते. चाकांचा लोळण-विरोध धरा हजार-बाराशे न्यूटन. इंजिनाने आवरून धरला नाही, तर वेग वाढतच जाणार.

'अर्धा ब्रेक' आणि 'शून्य ब्रेक' यांत एवढे अंतर असल्यामुळेच १९६८ च्या आरंभापासून अमेरिकेत नव्या प्रवासी मोटारींना दुहेरी मार्गाचा ब्रेक सक्तीचा झाला. थेट सैन्यासाठी बांधलेल्या गाड्यांना मात्र हे नागरी नियम लागू होत नाहीत.

जुन्या ट्रकवर दुहेरी मार्ग करायचा, तर एकाच नळकांड्यात एकामागे एक असे दोन दट्ट्ये असलेला मास्टर सिलिंडर बसवतात. प्रत्येक दट्ट्यापुढे वेगळे ऑइल, वेगळी नळी आणि शक्यतो वेगळा बूस्टर. एक मार्ग पुढच्या आसाचा, दुसरा मागच्या दोन आसांचा. पेडल पहिल्या दट्ट्याला ढकलते. पहिल्यापुढचे ऑइल दुसऱ्याला ढकलते. समजा, दुसऱ्याचा मार्ग फुटला. तो दट्ट्या नळकांड्याच्या टोकापर्यंत जाऊन टेकतो, आणि मग पहिल्यापुढे दाब तयार होतो. पहिल्याचा मार्ग फुटला, तर पहिला दट्ट्या सरकत जाऊन दुसऱ्याला थेट रेटतो. दोन्ही प्रसंगी पेडल नेहमीपेक्षा खोल जाते, आणि चालकाला पायाखालीच इशारा मिळतो. मला स्वतःला ही युक्ती फार आवडते. तिला ना वीज लागते, ना दिवा.

पण दुकानातून कोणताही दुहेरी सिलिंडर आणून बसवला, असे चालत नाही. घरगुती सुधारणा बहुधा इथेच फसतात. दट्ट्यावर २,००० न्यूटन बल आणि त्याचे क्षेत्रफळ ५ चौरस सेंटिमीटर असेल, तर दाब होतो चौरस सेंटिमीटरला ४०० न्यूटन. क्षेत्रफळ निम्मे घेतले की दाब दुप्पट. फुकट मिळाला म्हणायचे? नाही. तेवढेच ऑइल ढकलायला आता पेडल दुप्पट जावे लागते, आणि ब्रेकशू ड्रमला टेकण्यापूर्वीच ते तळाला लागू शकते. तरफेत बलाचा फायदा अंतरात फेडावा लागतो, तसेच हे.

दुसरी सुधारणा खुद्द द्रवाची. त्याच ट्रकला ३०० मीटर उंचीचा घाट फक्त ब्रेकवर उतरवला, तर सुमारे २३५ लाख ज्यूल उष्णता निर्माण होते. सहा ड्रमांचे मिळून १५० किलो लोखंड धरले आणि बाहेर काहीच उष्णता गेली नाही असे मानले, तर तापमान सुमारे ३४० अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात वारा बरीच उष्णता नेतो, तरी ऑइल तापतेच. नेहमीचे ग्लायकॉलचे ऑइल हवेतली ओल शोषते. कोरडे असताना ज्याचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश सेल्सिअस असतो, ते ओलावल्यावर १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. उकळले की वाफ. आणि वाफ सहज दबते, म्हणून पेडल मऊ होऊन खाली जाते. (सिरिंजच्या प्रयोगात मुद्दाम हवेचा बुडबुडा ठेवून पाहा.) वर्षानुवर्षे गोदामात उभ्या राहणाऱ्या गाड्यांसाठी अमेरिकी सैन्याने १९८० नंतरच्या काळात सिलिकोनचा द्रव स्वीकारला. तो ओल शोषत नाही. मात्र तो ग्लायकॉलमध्ये मिसळत नाही, त्यामुळे नुसती भर घालून भागत नाही. जुने ऑइल पूर्ण काढून नळ्या साफ कराव्या लागतात.

याच सैन्याच्या पाच टनी 'एम-९३९' ट्रकांची अडचण वेगळी होती. त्यांचे ब्रेक हवेवर चालतात आणि जोरकस आहेत. पण ओल्या रस्त्यावर जोरात दाबले की चाके जाम होत आणि ट्रक घसरे. घसरत्या चाकाला दिशा देता येत नाही, हे तुम्ही सायकलवर अनुभवले असेल. अपघात वाढल्यावर या ट्रकांवर ताशी ४० मैलांची वेगमर्यादा घालण्यात आली. शिवाय चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा आणि रेडियल टायर बसवायचे ठरले. तिथे ब्रेक आणखी घट्ट केला असता, तर घसरणे वाढलेच असते.

अडीच टनीकडे परत येऊ. नवा सिलिंडर बसला, नळ्या जोडल्या, हवा काढली. तरी काम संपले नाही. एका मार्गाची नळी मुद्दाम उघडायची, सपाट मोकळ्या मैदानात माणसाच्या चालीने ट्रक पुढे न्यायचा आणि पेडल दाबायचे. मग नळी बंद करायची, ऑइल भरायचे, हवा काढायची आणि दुसरी उघडायची. दोन्ही वेळा ट्रक थांबला, तरच तो रस्त्यावर न्यावा.