शाळा सोडल्याचे कारण

॥ श्री ॥
मुक्काम वाई

चि. सौ. कीर्ती हीस अप्पाकाकांचे अनेक आशीर्वाद.

परवा शांताक्का येऊन गेल्या. तुझ्या पाचवीच्या वर्गातील एका मुलाच्या आईवडिलांना बोलावून ‘याचा दाखला घ्या आणि याला झेपेल अशा शाळेत घाला’ असे तू सांगितल्याची हकीकत त्यांनी, तुझ्या कर्तबगारीची स्तुती करण्याच्या भरात, इतक्या सहजपणे सांगितली की हातातला चहा निवून गेला तरी मला भान राहिले नाही. त्यांच्या हकिकतींना तिखटमीठ फार, हे आपल्या घरात कोणाला सांगायला नको. तरीही ही हकीकत खोटी ठरो अशी इच्छा धरून लिहावयास बसलो आहे. दाखल्याचा अर्ज तू लिहून घेतला आहेस काय? नसशील तर घेऊ नकोस.

मुलगा बोलण्यात तरतरीत आहे, एकदा ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतो, परंतु फळ्यावरचे उतरवताना भ चा म आणि घ चा ध करतो, असेही त्याच म्हणाल्या. अगं, एवढ्यावरून तुझ्या मनात काहीच चमकले नाही? आपल्या लिपीचा स्वभाव तरी पाहा: ऱ्हस्व वेलांटी काढायची आधी आणि उच्चारायची मागून, रफार उच्चारायचा आधी आणि बसवायचा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. ध्वनी आणि चिन्ह यांची सांगड ज्यांच्या मेंदूत आपल्याइतकी आपसूक बसत नाही, त्यांना ‘सूर्य’ लिहिताना कान एक सांगतो आणि कागद दुसरेच मागतो. त्यात बुद्धीची उणीव कोठेच नसते. आपण मात्र त्यांना ‘ढ’ म्हणून मोकळे होतो. (ढ हे अक्षर ब्राह्मीपासून आजवर फारसे बदललेच नाही, म्हणून न सुधारणाऱ्या मुलाला ते नाव पडले, अशी एक गमतीची व्युत्पत्ती सांगतात, न बदलल्याचा दोष मास्तरांवरही लावता आला असता, हे ती सांगणाऱ्यांना सुचत नाही.)

कायदा तुला ठाऊक असणारच. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे आठवी पुरी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, म्हणूनच तर ‘काढले’ न म्हणता ‘पालकांनी दाखला नेला’ म्हणण्याची जुनी युक्ती आपली मास्तरांची जमात अजून वापरते. 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने 1995 च्या कायद्यातील 7 प्रकारांच्या जागी 21 प्रकार मानले, त्यांत अध्ययन-अक्षमतेला जागा दिली, आणि ती लवकर ओळखून उपाय योजण्याची जबाबदारी शाळेवरच टाकली. आपल्या राज्यात तर 1996 पासून अशा मुलांना परीक्षेत जादा वेळ, लेखनिक इत्यादी सवलती आहेत, आणि शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात तपासणी होऊन तसे प्रमाणपत्रही मिळते. पण प्रमाणपत्र येईल तेव्हा येईल. उद्या सकाळी तू त्याला प्रश्न वाचून दाखवू शकतेस, उत्तर तोंडी घेऊ शकतेस, इतिहासाच्या पेपरात शुद्धलेखनाचे गुण कापायचे थांबवू शकतेस. आणि सगळ्या वर्गासमोर त्याला मोठ्याने वाचायला उभे करणे तर आजच बंद कर. पटावर नाव ठेवून शेवटच्या बाकावर विसरून जाण्यालाही मी समावेश म्हणणार नाही.

एवढ्या तावातावाने लिहिण्याचा मला अधिकार आहे काय, असे तू विचारशील. नाही. 1971 साली, मी नवा वर्गशिक्षक असताना, माझ्या वर्गात एका सुताराचा मुलगा होता. सागवानाचे घनफूट तो तोंडी काढी, आणि धड्यातली एक ओळ वाचताना रडे. मी त्याला छड्या मारल्या, अंगठे धरून उभे केले, आणि शेवटी बापाला बोलावून तुझ्यासारखेच सांगितले. दाखला मीच लिहिला. ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यात ‘पालकाच्या विनंतीवरून’ असे वळणदार अक्षरात लिहिले, आणि अर्जावर त्या माणसाचा अंगठा घेतला. विनंती त्याने केलीच नव्हती. खाली काय लिहिले आहे तेही त्याला वाचता येत नव्हते. तो मुलगा मला पुन्हा कधी दिसला नाही. निवृत्त होण्यापूर्वी एकदा जनरल रजिस्टर उघडून मी ती नोंद पाहिली होती. शाई जराही फिकी झाली नव्हती.

रागावू नकोस. कायदा तीस-पस्तीस मुले म्हणतो आणि तुझ्यापुढे साठ असतील, शिष्यवृत्तीच्या निकालाचा तगादा असेल, विशेष शिक्षक महिन्यातून एकदा तोंड दाखवीत असेल, घरी सासूबाईंचे आजारपण. हे सारे मी जाणतो. वाईत बसून शहाणपण सांगायला काय जाते! पण तो अर्ज तेवढा घेऊ नकोस, बाळा.

आणि एक गोष्ट, जी तुझ्या वडिलांच्या हयातीत मी बोललो नाही. मी डॉक्टर नव्हे, पण आता वाटते, आमचा बाळ, म्हणजे तुझे वडील, असाच होता. परळच्या वर्कशॉपात तो कोणतेही यंत्र खोलून नकाशाशिवाय पुन्हा जोडीत असे. पण ‘तीर्थरूप’ हा शब्द त्याने दोन कार्डांत कधी सारखा लिहिला नाही. आणि मी, मोठा भाऊ आणि मास्तर, त्याची कार्डे तांबड्या शाईने तपासून पाकिटात घालून परत पाठवीत असे. थट्टा म्हणून. दोन वर्षांत त्याची कार्डे थांबली.

नंतर एकच आले, तुझ्या बारशाचे. इतक्या सोप्या नावांतून त्याने तुझ्यासाठी असे रफाराचे नाव का निवडले, कोण जाणे. त्या कार्डावर मी शाई लावली नाही. ते या पत्रासोबत पाठवीत आहे. त्यात तुझे नाव ‘कीती’ असे लिहिले आहे. एकदा खोडून पुन्हा लिहिले आहे, तरी तेच. ते तसेच राहू दे.

दिवाळीला ये. सासूबाईंना नमस्कार सांग.

तुझा,
अप्पाकाका