तटावरची झुडपे आणि आपला इतिहास

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. त्यापूर्वी आलापल्लीच्या माणसाचे जिल्ह्याचे ठिकाण चंद्रपूरच होते. कोर्टाची तारीख, मोठा दवाखाना, मुलांचा कॉलेजप्रवेश अशा कामांनी आपले वडीलधारे तेथे जात आणि काम आटोपले की संध्याकाळच्या गाडीने परतत. जटपुरा गेटमधून जाताना त्या दरवाज्यावर कोरलेल्या हत्ती-सिंहाकडे मान वर करून पाहण्याएवढा वेळ कोणालाच नसे. प्रस्तुत लेखकानेही विद्यार्थिदशेत त्या दरवाज्याखालून कितीतरी वेळा ये-जा केली. पण ती गोंड राजांची राजमुद्रा आहे, हे त्याला नोकरी लागल्यानंतर समजले. आपल्या पाठ्यपुस्तकात रायगड होता, प्रतापगड होता. ज्या तटाखालून आपण जात होतो तो मात्र नव्हता.

त्या तटाची हकीकत आणि अलीकडच्या काळात काही तरुणांनी त्यासाठी केलेले श्रम, हा या लेखाचा विषय आहे. आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी तो वाचावा असे वाटते, याचे कारण पुढे येईल.

चंद्रपूरच्या गोंड राज्याची राजधानी प्रथम सिरपूर, नंतर बल्लारपूर आणि शेवटी चंद्रपूर अशी सरकत आली. खांडक्या बल्लाळशहा या राजाने पंधराव्या शतकात चंद्रपूर वसविण्यास आरंभ केला असे परंपरा सांगते. झरपट नदीच्या पाण्याने राजाचा त्वचारोग बरा झाला; पुढे त्याच रानात एका सशाने राजाच्या कुत्र्याचाच पाठलाग केला आणि राणीच्या सल्ल्यावरून त्या पाठलागाच्या वाटेवर तटाची आखणी झाली, ही कथा चंद्रपुरात लहान मूलही सांगेल. अशा कथा इतर अनेक राजधान्यांबद्दलही सांगितल्या जातात, म्हणून ती इतिहास म्हणून घेता येत नाही. परंतु ती टाकूनही देऊ नये. राजाला वाट दाखविणारी म्हणून लोकांनी राणीची आठवण ठेवली, हे त्या कथेतून कळते, आणि पुढच्या इतिहासाशी ते जुळतेही. बीरशहाच्या मृत्यूनंतर राज्याचा कारभार राणी हिराईने सांभाळला. अचलेश्वर मंदिराजवळची त्याची समाधी तिनेच उभारली. पतीने पत्नीसाठी बांधलेला ताजमहाल सर्वांना ठाऊक असतो. पत्नीने पतीसाठी बांधलेली ही समाधी आपल्या जुन्या जिल्ह्यात असूनही किती जणांनी पाहिली आहे?

तटबंदी एका पिढीत झाली नाही. खांडक्याच्या वंशजांनी ती पुढे चालविली. सुमारे अकरा किलोमीटर लांबीच्या या परकोटाला जटपुरा, पठाणपुरा, अचलेश्वर आणि बिनबा असे चार दरवाजे आहेत. त्यांखेरीज ज्यांना लोक खिडक्या म्हणतात ती लहान दारे आहेत: बगड खिडकी, हनुमान खिडकी, विठोबा खिडकी, मसण खिडकी आणि चोर खिडकी. यांतील मसण खिडकी हे नाव ऐकताच तिचा वापर ध्यानात येतो. राजाचा हत्ती मोठ्या दरवाज्यातून जाई. पाणी भरणारी बाई, गुराखी आणि तिरडी उचलणारे खांदेकरी या लहान दारांनी जात असणार. नगराचा खरा संसार खिडक्यांतून चालतो, असे या लेखकाला नेहमी वाटत आले आहे. शत्रूबरोबरच इरई आणि झरपट या नद्यांच्या पुरालाही हा तट अडवीत असे.

१७५१ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांनी नीलकंठशहाला कैदेत टाकले आणि गोंड राज्य संपले. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी तटाला खिंडार पाडले; किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडला. त्यानंतर तटाला लढाईचे काम उरले नाही. ज्या वास्तूला काम उरत नाही तिच्याकडे कोणी पाहत नाही. तटाच्या आतल्या अंगाला घरे चिकटली, बुरुजांवर झुडपे माजली, वड-पिंपळांची मुळे सांध्यांत शिरली. घराघरांतला कचरा मागच्या दाराने तटावर जाऊ लागला. काही भाग तर केवळ प्रातर्विधीची जागा म्हणून ओळखले जाऊ लागले. हा तट केंद्रीय पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेला आहे असे सांगणारा निळा फलक होता. पण फलकाने झुडूप निघत नाही.

१ मार्च २०१७ रोजी बंडू धोतरे यांच्या नेतृत्वाखालील इको-प्रो या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी हातात कोयते, कुऱ्हाडी, फावडी आणि घमेली घेऊन या तटाच्या स्वच्छतेस प्रारंभ केला. वन्यजीव आणि पर्यावरण या क्षेत्रांत काम करणारी ही मंडळी. इतिहास हा त्यांचा शिकलेला विषय नव्हे. नोकरी-धंदा करणारी, शिकणारी मुले सकाळी लवकर येत, काही तास राबत आणि आपापल्या कामाला जात. पहिल्या दिवशी छायाचित्रे काढून घेणाऱ्या मोहिमा आपण पुष्कळ पाहिल्या आहेत. येथे वेगळे एवढेच झाले की दुसऱ्या दिवशीही माणसे आली, आणि उन्हाळा गेला, पावसाळा लागला, तरी येत राहिली. चंद्रपूरच्या उन्हात मे महिन्यात दगडावर उभे राहून फावडे चालविणे म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. दोनशेहून अधिक दिवस लोटले होते तेव्हा, २९ ऑक्टोबर २०१७ रोजी, पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील ‘मन की बात’मध्ये या कामाचा उल्लेख केला. त्यानंतर तरी थांबतील असे अनेकांना वाटले असेल. काम पुढेही चालू राहिले. साफ झालेल्या तटावरून रविवारी नागरिकांना फिरवून आणण्याचा, म्हणजे वारसा फेरीचा, उपक्रमही याच मंडळींनी सुरू केला.

या फेरीचे महत्त्व झाडण्याइतकेच आहे. चंद्रपुरात जन्मून चाळिशी ओलांडलेली माणसे प्रथमच आपल्या शहराच्या तटावर चढली. ज्या जागेवर माणूस स्वतः चालून गेला त्या जागेवर तो सहसा कचरा टाकीत नाही.

वास्तूची सेवा करावयाची तर आधी तिची प्रकृती समजली पाहिजे. दगडी तटावर उगवलेला पिंपळ पाहिला की उत्साही माणसाला तो उपटून काढावासा वाटतो. परंतु त्याची मुळे दोन-दोन हात आत गेलेली असतात. ओढली तर मुळाबरोबर चिराही येतो. म्हणून असे झाड बुंध्याशी कापतात, पुन्हा फुटू नये यासाठी मुळावर जाणकारांच्या सल्ल्याने उपाय करतात, आणि मूळ आतल्या आत वाळू देतात. तीच गोष्ट सिमेंटची. जुन्या बांधकामात चुना वापरीत. चुना मऊ असतो, भिंतीतील ओल तो बाहेर जाऊ देतो आणि दगड किंचित हलला तरी सांभाळून घेतो. सिमेंट कठीण आणि कोंदट. त्याने सांधे बुजविले की ओल दगडातून वाट काढते आणि दगडाचा पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटू लागतो. दुरुस्ती करून भिंत मारणे ते हेच. गावोगावच्या जुन्या मंदिरांना लोक श्रद्धेने ऑइलपेंट फासतात, त्याचाही परिणाम निराळा नाही.

कायद्याची बाजूही जाणून घ्यावी. १९५८ च्या प्राचीन स्मारके अधिनियमानुसार संरक्षित स्मारकाचा दगड कोणालाही स्वतःच्या मनाने हलविता येत नाही. २०१० च्या दुरुस्तीने स्मारकाभोवतीचे शंभर मीटर क्षेत्र बांधकामास निषिद्ध आणि त्यापुढील दोनशे मीटर क्षेत्र नियंत्रित ठरविले. याचा अर्थ स्वयंसेवकाने कचरा, गाळ, गवत काढावे, ते खात्याला कळवून काढावे. पडलेला चिरा उचलून जागी बसविण्याचे काम खात्याच्या तज्ज्ञांचे आहे. चंद्रपूरचे काम टिकले याचे एक कारण हेच, की ही मर्यादा पाळली गेली.

येथे एक खुपणारी गोष्ट लिहिली पाहिजे. तटाला लागून राहणारी बहुतेक कुटुंबे गरीब आहेत. त्यांच्या घरात शौचालय नव्हते आणि कचरागाडी त्यांच्या गल्लीत येत नव्हती. त्यांना ‘तट घाण करणारे’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आपल्या समाजाला गावकुसाबाहेर ठेवून पुन्हा अस्वच्छ म्हणणाऱ्यांची भाषा याहून वेगळी नव्हती. तटाचे रक्षण आणि तटाखालच्या माणसाचे जगणे यांचा विचार एकत्रच झाला पाहिजे. शिवाय फुकट राबणारे तरुण मिळाले म्हणून शासनाचे कर्तव्य संपत नाही. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण हे राज्याचे दायित्व असल्याचे संविधानाच्या अनुच्छेद ४९ मध्ये आरंभापासून नमूद आहे. नागरिकाचे कर्तव्य, अनुच्छेद ५१क (च), १९७६ मध्ये नंतर आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते तिच्या संविधानात आधी राज्याचे दायित्व लिहिले गेले, हा क्रम आपण विसरू नये.

चंद्रपूरपासून जवळच भद्रावतीची विजासन लेणी आहेत. एका टेकडीत खोदलेल्या दालनांच्या टोकांशी तथागतांच्या भव्य मूर्ती आहेत. शतकानुशतके त्या अंधारात विसरल्या गेल्या होत्या. आज तेथे वंदनेसाठी आपले लोक मोठ्या संख्येने जातात. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली, त्या भूमीपासून ही लेणी फार दूर नाहीत. वंदना करून परतताना मेणबत्तीचे मेण आणि उदबत्तीची काजळी आपण दगडावर ठेवून येतो, हेही खरे आहे. पेटविण्याची जागा लेण्याच्या बाहेर करावी, एवढे तरी आपल्या हातात आहे.

आता आलापल्लीकडे येऊ. आपल्याकडे तट नाही, लेणी नाहीत, म्हणून आपल्याकडे इतिहास नाही असा समज आढळतो. अहेरी तालुक्यातील किष्टापूरचे बाबूराव शेडमाके १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठले. त्या वर्षी एप्रिलअखेर चिंचगुंडी येथे तारायंत्राच्या कामावरील गार्टलँड आणि हॉल हे दोन इंग्रज मारले गेले. कॅप्टन क्रिक्टन त्या वेळी चांद्याचा अधिकारी होता. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने बाबूराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चंद्रपूरच्या कारागृहात त्यांना फाशी देण्यात आले. उठाव करणारे आपल्या तालुक्यातले आणि पकडून देणारेही आपल्या तालुक्यातले. इतिहास जतन करावयाचा म्हणजे पहिले वाक्य ठेवून दुसरे पुसावयाचे, असे नव्हे.

भामरागडच्या वाटेवर आलापल्लीचे ‘वनवैभव’ आहे. १९५३ पासून न तोडता राखलेला हा जंगलाचा तुकडा २०१४ मध्ये जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्र अवघे सहा हेक्टर, पण साग किती उंच जाऊ शकतो हे पाहायचे तर तेथेच जावे लागते. भामरागड परिसरात माडिया लोक आजही मृताच्या स्मरणार्थ दगड उभे करतात. कोणत्या दगडाखाली कोणाची आठवण आहे हे त्या गावच्या वृद्धांना ठाऊक असते आणि ते कोठेही लिहिलेले नसते. तो वृद्ध गेला की दगड उरतो, नाव जाते. चंद्रपूरच्या तटाची झुडपे दोनशे वर्षांनी काढता आली. हे नाव दोन वर्षांनीही परत मिळणार नाही.

म्हणून आपल्या माजी विद्यार्थ्यांनी कोयता घेण्यापूर्वी वही घ्यावी, अशी सूचना आहे. दिवाळीत वा उन्हाळ्यात गावी गेल्यावर एका वृद्ध व्यक्तीजवळ बसावे. गाव कोणी बसविले, आधी कोठे होते, पाणी कोठून आणीत, सागाचे लाकूड कोणत्या वाटेने आणि कशावर लादून जाई, गावात पहिले बुद्धविहार केव्हा आणि कोणाच्या वर्गणीतून उभे राहिले, एवढे विचारावे. सांगितले ते त्यांच्याच बोलीत लिहावे. गोंडी, माडिया वा तेलुगू शब्द आला तर मराठी करून टाकू नये. दगड, विहीर, लाकडी खांबांचे जुने घर यांचे छायाचित्र घ्यावे, पण स्मरणशिळेजवळ त्या कुटुंबाला विचारल्याशिवाय जाऊ नये आणि शेंदूर-हळद पुसून ‘स्वच्छता’ तर मुळीच करू नये. सांगणाऱ्याचे नाव द्यावे की नाही हे त्यालाच विचारावे. एकाच घटनेच्या दोन हकीकती मिळाल्या तर दोन्ही लिहाव्यात. खरी कोणती हे ठरविण्याची घाई करू नये.

शाळेच्या ग्रंथालयात यासाठी एक कपाट रिकामे करता येईल. लेखकाने आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टींची पंधरा पाने लिहून ठेवली आहेत, ती त्यात प्रथम ठेवली जातील. आजीने गावच्या जुन्या विहिरीचे नाव सांगितले होते. ते मात्र त्या वेळी लिहून घेतले नाही, आणि आता सांगणारे कोणी नाही.