इन्सिनरेटरची राख आणि भाताचे तूस

रुग्णालयातील घातक कचरा भट्टीत जाळला की प्रश्न मिटला, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. उरलेली राख खड्डे बुजविण्यासाठी किंवा फरसबंदीच्या ठोकळ्यांसाठी का वापरू नये, अशी पृच्छाही सद्‌भावनेने केली जाते. देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे आप्त या सर्वांना उपयुक्त ठरावे, म्हणून या प्रश्नाचा थोडक्यात परामर्श येथे घेतला आहे.

अग्नीनंतर काय उरते?

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार इन्सिनरेटरच्या दुसऱ्या कक्षात सुमारे १०५० अंश सेल्सिअस तापमान राखावे लागते. या उष्णतेत रोगजंतू नष्ट होतात. शिसे, जस्त, कॅडमियम हे धातू मात्र मूलद्रव्ये असल्याने जळून नाहीसे होत नाहीत. काही अंश तळाच्या राखेत राहतो, तर काही धुराबरोबर वर जाऊन गाळणीतील बारीक राखेत साठतो. पावसाचे पाणी अशा राखेतून झिरपल्यास हे धातू विहिरीच्या पाण्यापर्यंत पोहोचू शकतात. म्हणून राखेच्या निचऱ्याची चाचणी घेतात. त्यात शिशासाठी लिटरमागे ५ मिलिग्रॅम व कॅडमियमसाठी १ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे.

तुसाचे कार्य

१०० किलो भातापासून सुमारे २० किलो तूस निघते आणि ते जाळल्यास सुमारे ४ किलो राख उरते. या राखेत बहुतांश सिलिका असते. चुना व पाणी यांच्या सान्निध्यात सिलिकेपासून चिवट बंधक द्रव्य तयार होते. आपल्या जुन्या वाड्यांतील चुना-सुरखीचे बांधकाम याच तत्त्वावर टिकून आहे.

धुरातील आम्ल शमविण्यासाठी भट्टीत चुना वापरतात. त्यामुळे बारीक राख अतिशय अल्कधर्मी होते, आणि अशा पाण्यात शिसे अधिकच विरघळते. सिलिका हा जादा चुना बांधून घेते, उरलेल्या चुन्याचे हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे कार्बोनेट होते. अल्कता उतरते आणि धातू घट्ट धरले जातात.

इटलीतील ब्रेशिया विद्यापीठाच्या संशोधकांनी शहरी कचऱ्याच्या भट्टीतील राखेवर हा प्रयोग केला. प्रथम तयार सिलिका वापरून आणि नंतर युरोपीय संघाच्या ‘लाइफ’ योजनेच्या साह्याने भाताच्या तुसापासून मिळविलेली सिलिका वापरून त्यांनी शिसे व जस्ताचा निचरा पुष्कळच रोखून दाखविला. उत्तर इटलीच्या पो नदीच्या खोऱ्यात भात मुबलक पिकतो, त्यामुळे तेथे तुसाचा तुटवडा नाही.

आवश्यक सावधगिरी

तूस बेताच्या तापमानात जाळावे लागते. अतिउष्णतेत सिलिका स्फटिकरूप होते, तिची बंधनशक्ती घटते आणि तिची धूळ फुप्फुसांना अपायकारक ठरते. शिवाय धातू बांधला जातो, नष्ट होत नाही. क्षार तर पाण्याबरोबर निघूनच जातात. रुग्णालयीन कचऱ्याच्या राखेचे घटक दर खेपेस बदलतात, म्हणून शहरी राखेवरील निष्कर्ष चाचणीविना तिला लावता येणार नाहीत. मर्यादेबाहेरची राख तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे आहेत तशा घातक कचऱ्याच्या सुरक्षित केंद्रांकडे सोपविणे हेच नियमसंमत होय.

आपला वाटा

यातून घेण्याचा बोध असा की, जे भट्टीत गेलेच नाही त्याची राख बांधावी लागत नाही. पीव्हीसीची नळी जळली की आम्लवायू व डायॉक्सिन निर्माण होण्याचा धोका वाढतो. ते आम्ल शमविण्यास अधिक चुना लागतो आणि चुन्यागणिक घातक राखही वाढते. तीच नळी लाल पिशवीत गेली, तर निर्जंतुक होऊन पुनर्वापरास जाते. म्हणजेच राखेच्या खर्चाचा व धोक्याचा पहिला निर्णय रुग्णाच्या खाटेपाशी होतो.

यास्तव रुग्णांच्या आप्तांनी पिवळ्या पिशवीत फळांच्या साली, कागद वा बाटल्या टाकू नयेत, आणि देणगीदारांनी रंगीत पिशव्या व कर्मचारी-प्रशिक्षण यांवरील खर्च हा रुग्णसेवेचाच भाग मानावा, अशी नम्र विनंती आहे.